‘ते’ म्हणजे नेमके काय?

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात एक शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित दंडक होता. माझ्या धाकट्या काकांना, ज्यांना आम्ही सगळी मुले भाऊकाका म्हणत असू, वर्षातून चार-पाच वेळा ‘ते’ होत असे. ‘काल रात्री भाऊला ते झालं,’ असे आजी चुलीपाशी बसून आईला हळूच सांगायची आणि आम्ही आसपास घोटाळत आहोत असे दिसले की आवाज आणखी खाली जायचा. ‘ते’ म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती.

मी सात-आठ वर्षांची असेन. एका दुपारी ‘ते’ माझ्यासमोरच झाले. काका माजघरात झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. एकदम घशातून विचित्र आवाज काढून ते खाली कोसळले. अंग लाकडासारखे ताठ झाले, चेहरा काळानिळा पडला आणि मग हातपाय झडू लागले. तोंडाला फेस आला. आजोबांनी पायताण आणून नाकाशी धरले, कोणी कांदा फोडला, कोणी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या मुठीत कोंबला. दोन-तीन मिनिटांत सारे शांत झाले, काका घोरू लागले, आणि पायताणाचा गुण आला असे सर्वांनी मानले. आईने आम्हाला परसात पिटाळले. ‘काही नाही, काकांना घेरी आली,’ एवढेच ती म्हणाली.

ती घेरी नव्हती, हे मला तेव्हाही कळले होते. पण मग काय होते, हे कळायला पुढची पंचवीस-तीस वर्षे जावी लागली आणि त्या अवधीत माझ्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. ती हकीकत पुढे येईलच.

मी डॉक्टर नव्हे. पस्तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले, एवढीच माझी विद्या. पण शब्द शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे म्हणा किंवा काकांमुळे म्हणा, या आजाराच्या शब्दांचा मला नाद लागला. डॉक्टरांना प्रश्न विचारून, मिळेल ते वाचून जे हाती आले, ते आज घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे म्हणून लिहिते आहे.

आपल्या भाषेत या आजाराला शब्द कमी नाहीत. फेफरे, मिरगी, आकडी हे बोलीतले. वैद्यकग्रंथांतला शब्द अपस्मार. ‘स्मार’ म्हणजे स्मरण, भान, आणि ते निघून जाणे म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत त्याचे वर्णन आहे. नटराजाची मूर्ती पुष्कळांच्या घरात असते. त्या मूर्तीत शंकराच्या पायाखाली दबलेली जी ठेंगणी आकृती आहे, तिचेही नाव अपस्मारच. आजाराला पायाखाली ठेवणारी ही कल्पना मला फार आवडते. अलीकडे मात्र हे सारे शब्द मागे पडून ‘फिट’ हा एकच शब्द उरला आहे. गंमत अशी की ‘मुलगा एकदम फिट आहे’ आणि ‘मुलाला फिट येते’ या दोन्ही वाक्यांत शब्द तोच! आणि अडचण अशी की या एकाच शब्दाच्या गाठोड्यात आपण दहा निरनिराळ्या गोष्टी बांधून ठेवल्या आहेत. तापात बाळाला येते ती फिट, प्रार्थनेच्या वेळी मुलगी कोसळते ती फिट आणि काकांना होत असे तीही फिट.

तेव्हा आधी पहिली गाठ सोडवू. झटका ही घटना आहे, अपस्मार हा आजार आहे. (‘झटका’ शब्दही आपण हृदयविकाराला आणि अर्धांगवायूलाही वापरतो, इथे मात्र मेंदूतल्या विजेचा झटका एवढाच अर्थ घ्यावा.) मेंदूतल्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत्‌संदेशांनी बोलत असतात. वर्गात मुले पाळीपाळीने बोलतात तोवर शिकवणे सुरळीत चालते. पण सगळी एकदम एका सुरात ओरडू लागली की वर्गाचे काम थांबते. झटका म्हणजे पेशींचा असा एकदम झालेला गलका. तो कोणाच्याही मेंदूत होऊ शकतो. रक्तातली साखर किंवा सोडियम फार उतरले, डोक्याला जबर मार लागला, रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तरी झटका येतो. कारण गेले की झटकाही जातो. त्याला अपस्मार म्हणत नाहीत. असे तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, किंवा एकच आला पण तपासण्यांवरून पुन्हा येण्याचा संभव फार दिसला, तर डॉक्टर ‘एपिलेप्सी’ हा शब्द कागदावर लिहितात. आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014 साली केलेली व्याख्या साधारण अशी आहे. म्हणजे एका झटक्यावरून जन्माचा शिक्का मारण्याचे कारण नाही; आणि एका झटक्याकडे ‘उष्णतेमुळे झालं असेल’ म्हणून काणाडोळा करण्याचेही नाही.

आता प्रकार. गलका वर्गाच्या एका कोपऱ्यातच झाला की तो ‘फोकल’, म्हणजे एका जागी सुरू होणारा. सगळ्या शाळेत एकदम झाला की ‘जनरलाइज्ड’. जुने डॉक्टर ‘ग्रँड माल’ आणि ‘पेटी माल’ म्हणत. या फ्रेंच शब्दांचा अर्थ नुसता मोठा आजार आणि लहान आजार. 2017 साली नावांची नवी मांडणी झाली, 2025 मध्ये तिची पुन्हा थोडी डागडुजी झाली. नावे बदलत राहतात म्हणून वैतागू नये; प्रत्येक वेळी ती ऐकणाऱ्याला अधिक काही सांगतील अशी होत आहेत.

काकांचा झटका या नव्या भाषेत ‘टॉनिक-क्लोनिक’. डॉक्टर घाईत नुसते ‘जी.टी.सी.एस.’ लिहितात. माझ्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या कागदावर ‘टॉनिक’ एवढाच शब्द ओळखला आणि औषधाच्या दुकानात जाऊन ‘डॉक्टरांनी लिहिलेलं टॉनिक द्या’ म्हणून मागितले. दुकानदार भला, त्याने त्यांना परत डॉक्टरांकडे धाडले. इथे टॉनिक म्हणजे स्नायू ताठ होणे आणि क्लोनिक म्हणजे आचके बसणे. आधी ताठरणे, मग आचके, मग गाढ ग्लानी. या ग्लानीत माणूस गोंधळलेला असतो, कधी चिडतो, कधी एक हात तात्पुरता लुळा पडतो. त्याला टॉड यांचा पक्षाघात म्हणतात. तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. मात्र ‘हा तोच’ असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. हात लुळा दिसला की दवाखाना गाठावा.

फोकल झटका ओळखायला अवघड, कारण त्यात माणूस पडतोच असे नाही. आमच्या आळीत एक बाई होत्या. बोलता बोलता त्या थांबत, चाटल्यासारखे ओठ हलवत, पदराशी चाळा करत राहत, हाक मारली तर ओ देत नसत. दीड-दोन मिनिटांनी भानावर येत आणि आपण काय केले ते त्यांना ठाऊक नसे. गावाने निदान केले होते, बाहेरची बाधा! त्यांना अमावास्येला कुठे कुठे नेले, ते सांगत नाही. त्या बाईंना प्रत्येक वेळी आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटे आणि जळका वास येई. याला ‘ऑरा’ म्हणतात. हल्ली हा शब्द तेजोवलय अशा अर्थाने मुलांच्या तोंडी असतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. आणि ही केवळ पूर्वसूचना नव्हे. ऑरा हाच एक छोटा झटका असतो, भान शाबूत असताना आलेला. डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा, कारण गलका मेंदूच्या कोणत्या कोपऱ्यात सुरू झाला याचा तो माग असतो.

आता ती हकीकत. 1989 साली माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी होती, तिला इथे सुमन म्हणू. चुणचुणीत, अक्षर मोत्यासारखे. पण शुद्धलेखन घातले की तिच्या वहीत मधलेच शब्द गळत. ‘गाई रानात चरत होत्या आणि गुराखी झाडाखाली बसला होता’ असे सांगावे तर ही लिहिणार ‘गाई रानात झाडाखाली बसला होता’. वाचायला उभी केली तर मध्येच थांबे, डोळे कुठेतरी शून्यात, पापण्या किंचित फडफडत, आणि पाच-दहा सेकंदांनी पुढचे भलतेच वाक्य. मी म्हणे, ‘लक्ष कुठंय तुझं?’ ती गोंधळून म्हणे, ‘इथंच आहे, बाई.’ हे मला उद्धट उत्तर वाटे. मी तिला बाकावर उभे केले, कितीदा तरी. वर्गासमोर ‘तंद्रीबाई’ असे नावही ठेवले. मुलांनी ते उचलले.

पाचवीला ती मामांकडे पुण्यास गेली. तिथे मामींना संशय आला. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या हातात कागदाचे भिरभिरे दिले आणि जोरजोरात फुंकायला सांगितले. मिनिटभरात फुंकणे थांबले, डोळे शून्यात गेले. डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, ‘हे ॲबसन्स झटके आहेत. दिवसातून पन्नासवेळाही येत असतील.’

ॲबसन्स! म्हणजे गैरहजेरी. मी रोज सकाळी हजेरीपट उघडून सुमनच्या नावापुढे हजेरी मांडत होते आणि ती मुलगी दिवसातून कितीतरी वेळा माझ्या डोळ्यांसमोर गैरहजर होत होती. वाक्याचे मधले शब्द तिने ऐकलेच नव्हते. ऐकणारे त्या क्षणी जागेवर नव्हते. माझ्या शब्दसंग्रहात ‘तंद्री’ होती, ‘दुर्लक्ष’ होते, ‘उर्मटपणा’ होता, पण हा एक शब्द नव्हता. काकांना पाहिलेल्या मुलीला, पुढे शिक्षिका झालेल्या बाईला, हे कळले नाही. कारण माझ्या लेखी ‘ते’ म्हणजे जमिनीवर पडून हातपाय झाडणे, बस्स.

पुढे एकदा ती भेटली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, ‘बाई, मला ते थांबणं कधी कळलंच नाही. मला एवढंच आठवतं, की मी काही केलेलं नसताना तुम्ही अचानक रागवायचात.’

शिक्षकांनी आणि पालकांनी एक खूण ध्यानात ठेवावी. दिवास्वप्नात रमलेले मूल खांद्याला हात लावला की भानावर येते. ॲबसन्सच्या झटक्यातले येत नाही, आणि तो झटका बोलता-खाताना, खेळतानाही मध्येच येतो. साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात तो सुरू होतो, औषधाने बहुतेकांत आटोक्यात येतो आणि वयात येताना पुष्कळांचा कायमचा जातो. सुमनची औषधे काही वर्षांतच बंद झाली.

आणखी दोन प्रकार असे, की नाव माहीत नसल्याने घरात वेळ फुकट जातो. पहिला, सकाळी उठल्यावर हाताला बसणारे हिसके, ‘मायोक्लोनिक’. कॉलेजच्या वयातला मुलगा, रात्री जागून अभ्यास केलेला. सकाळी चहाचा कप हातातून उडतो, दात घासताना ब्रश उडतो. आपण त्याला वेंधळा म्हणतो. मग एखाद्या जागरणानंतर मोठा झटका येतो तेव्हा पळापळ होते. डॉक्टरांना कपाची गोष्ट कोणी सांगत नाही आणि तीच तर सांगायला हवी असते! कारण फोकल झटक्यांवर नामी ठरणारी कार्बामाझेपीन ही गोळी या हिसक्यांत आणि ॲबसन्समध्ये उलट त्रास वाढवू शकते. नुसते ‘फिट येते’ एवढ्यावर औषध का ठरत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा तान्ह्या बाळांचा. विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1841 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला एक पत्र लिहिले. त्यात वर्णन होते त्यांच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाचे. बाळ डोके आणि अंग एकदम पुढे वाकवी, सैल सोडी, पुन्हा वाकवी. अशा लागोपाठ अनेक उचक्या. काय करावे, असे एक बाप आपल्या व्यवसायबंधूंना विचारत होता. त्या वाकण्यावरून या झटक्यांना ‘सलाम’ झटके असेही नाव पडले. आज त्याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे बाळ असे वाकू लागले की ‘दचकतं’, ‘पोटात मुरडा येतो’ म्हणून घुटी आणि दृष्ट काढणे चालते. झोपेतून उठल्यावर लागोपाठ असे वाकणे दिसले आणि बाळ हसायचे, बघायचे कमी झाले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. इथे उशिराची किंमत बाळाच्या वाढीने मोजावी लागते.

याउलट, जे पाहून आईबापांचे प्राण कंठाशी येतात ते तापातले झटके बहुधा निरुपद्रवी असतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात, ताप चढताना, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ते येतात. दोन-चार मिनिटांत थांबतात आणि यातली बहुतेक मुले पुढे ठणठणीत राहतात. तो अपस्मार नव्हे. मेंदूज्वर नाही ना, हे मात्र डॉक्टरांनीच पाहायचे असते, म्हणून बाळाला दाखवणे चुकवू नये.

घेरी वेगळी. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला उपाशीपोटी उन्हात उभ्या राहिलेल्या किती मुली मी कोसळताना पाहिल्या! आधी डोळ्यांपुढे अंधारी, घाम, चेहरा पांढराफटक. आडवे केले की मिनिटात शुद्धीवर. एखाद-दुसरा हिसका त्यातही येतो, तेवढ्यावरून फिट ठरवू नये. आणखी एक प्रकार मनाच्या कोंडमाऱ्यातून येतो. दिसायला झटकाच, पण मेंदूतल्या विजेचा गलका नसतो. त्याला ‘नाटक’ म्हणणे हा अन्याय आहे. तो त्रास खराच असतो, फक्त त्याचे उपचार निराळे.

‘स्टेटस’ हा शब्द हल्ली मोबाइलमुळे पोराटोरांना ठाऊक आहे. ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणजे न थांबणारा झटका. पूर्वी यासाठी अर्ध्या तासाची मर्यादा मानत. आता हातपाय झाडण्याचा झटका पाच मिनिटांपुढे गेला की तातडी समजतात. म्हणून झटका आला की पायताण शोधू नये, घड्याळ पाहावे. पायताणाचा आणि कांद्याचा महिमा एवढाच, की बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात आणि श्रेय त्या क्षणी नाकाशी जे असेल त्याला मिळते. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, चष्मा काढावा, गळ्याभोवतीचे सैल करावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. जीभ गिळली जात नाही, चमच्याने दात मात्र तुटतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे. पाच मिनिटांत थांबला नाही, एकामागून एक आले, पाण्यात आला, मार लागला, बाई गरोदर असेल किंवा पहिलाच झटका असेल, तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. आणि घरात दुसरे कोणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावे. हे निर्दयपणाचे वाटते खरे. पण डॉक्टरांनी झटका कधीच पाहिलेला नसतो, आणि निदानाचा मोठा आधार पाहणाऱ्याची साक्ष हाच असतो.

कारण तपासण्यांनाही मर्यादा आहेत. जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख पहिल्यांदा टिपला. तोच आजचा ईईजी. डोक्याला तारा लावतात तो शॉक नव्हे. यंत्र ऐकते, बोलत नाही. पण ते अर्धा-पाऊण तासच ऐकते. त्या वेळात गलका झाला नाही तर आलेख निर्दोष येतो, म्हणून ‘ईईजी नॉर्मल म्हणजे आजार नाही’ असे नसते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: जुनी इजा, गाठ, व्रण. आपल्या देशात त्यात पुष्कळदा आणखी एक गोष्ट दिसते, पट्टकृमीची अळी. ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ हे तिचे लांबलचक नाव. ‘कोबीतला किडा मेंदूत गेला’ असे जे बोलतात ते हेच, पण कोबीवर आळ उगाच. ज्या माणसाच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेली कच्ची भाजी, पाणी किंवा हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार होतो. तो बरा होऊ शकतो.

औषधांबद्दल थोडकेच. भाऊकाका ‘गार्डिनल’ची बारीक पांढरी गोळी तपकिरीच्या रिकाम्या डबीत लपवून ठेवत. ते फेनोबार्बिटल, 1912 पासून वापरात असलेले. आजही स्वस्त आणि उपयोगी. त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट निदान व उपचार झाले तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. काकांचे बहुतेक झटके गोळी चुकल्यावर आलेले असत, हे आता आठवून लक्षात येते: गणपतीतले जागरण, नवरात्रातला कडक उपवास, ‘आज पोटात काही नाही, गोळी नको’. औषध एकाएकी बंद करणे हे या आजारात सर्वांत धोक्याचे. क्वचित झोपेतल्या झटक्यात मृत्यूही ओढवतो, हे लपवण्यात अर्थ नाही. लग्न झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलींनी व्हाल्प्रोएट या औषधाबद्दल गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण ते गर्भाला अपाय करू शकते. पण आपल्या मनाने तेही सोडू नये. दोन योग्य औषधे नीट घेऊनही झटके थांबले नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1995 पासून अशा शस्त्रक्रियांचा स्वतंत्र उपक्रम आहे, आणि आता त्या आपल्या मोठ्या शहरांतही होतात.

लग्न म्हटले की शब्द पुन्हा दडवले जातात. भाऊकाकांचे लग्न झाले नाही. तीन स्थळे आली, तिन्हींत कोणीतरी भांजी मारली. शेवटी त्यांनी स्वतःच सांगून टाकले की पुन्हा पत्रिका बाहेर काढायची नाही. समाजाचे सोडा, कायदाही त्यांच्या बाजूचा नव्हता. 1976 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, आणि वेडाचे झटके वारंवार येणाऱ्याच्या पंगतीला अपस्मार असलेल्यालाही बसवले गेले. असे लग्न रद्द करून मागता येई. वेड आणि अपस्मार एका ओळीत! ‘अपस्मार’ हा शब्द त्या कलमातून गळायला 1999 चा डिसेंबर उजाडावा लागला. काका 1994 साली गेले.

सुमनचे लग्न 2004 साली ठरत होते. तिची आई मुद्दाम माझ्याकडे आली. औषधे बंद होऊन दहा वर्षे झाली होती, झटका एकही नव्हता. ‘बाई, सांगू की नको?’ मी म्हटले, सांगा. पहिल्या स्थळाकडून आठ दिवसांत ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला. आईने मला चांगलेच सुनावले, आणि मला उत्तर नव्हते. दुसऱ्या स्थळाच्या वेळी सुमनने स्वतःच सांगितले, चहा-पोहे पुढे असतानाच. खोलीत क्षणभर कोणी बोलेना. मुलाची आई प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होती. तिने बशी खाली ठेवली आणि विचारले, ‘कुठल्या प्रकारचं होतं गं?’